काकांना आत घेऊ नका

सीमा, तू खाजवू नकोस, आणि अजय, तू मधे बोलू नकोस, मग सांगते. मला आधीच काही कळत नाहीये, त्यात तुम्ही दोघं सुरू झालात की माझं सगळं उलटसुलट होणार.

तुम्ही नेमके सुप्रभाताईच्या लग्नालाच नव्हता. हिला कांजिण्या, याची लॉची परीक्षा. आणि आता आपल्या मराठी मंडळात जो तो वेगळंच सांगतोय. कोणी म्हणतंय शशिधरकाकांना, म्हणजे खुद्द तिच्या बाबांना, हॉलमध्ये यायलाच बंदी होती. कोणी म्हणतंय गिरीशमामाला भुकेनं चक्कर आली म्हणून सगळं बदललं. आणि कोणी म्हणतंय हे सगळं वैजूनं केलं, म्हणजे मी. त्यातलं शेवटचं थोडं खरं आहे. थोडं.

तर पहिल्यापासून. मी बुधवारी आणि शनिवारी हॅरोत कामाला जाते, घरी सांगितलंय ग्रीटिंग कार्डांच्या दुकानात. ते कार्डांचं दुकान नाहीये. त्याच्या शेजारचं आहे. बेटिंग शॉप.

"काय?" म्हणजे काय, अजय? घोडे, कुत्रे, फुटबॉल. तोंड मिट. काम अगदी साधं आहे. काउंटरमागे बसायचं, लोक चिठ्ठीवर घोड्याचं नाव लिहून देतात, ती मशीनमधून काढायची, पैसे घ्यायचे, नेक्स्ट प्लीज. भिंतीवर टीव्ही आहेत, त्यात सतत कोणीतरी धावत असतं. सिगारेटचा वास केसांना बसतो म्हणून मी घरी आल्या आल्या केस धुते, आणि आईला वाटतं पोरगी किती स्वच्छ.

तर आमची मॅनेजर मॉरीन, तिची एक पद्धत आहे. तिची स्वतःची हं, पुस्तकातली नाही. एखाद्याला वाटलं ना, की हे आपल्या हाताबाहेर चाललंय, तर त्यानं येऊन तिला सांगायचं, मला आत घेऊ नका. मग ती ड्रॉवरमधून पोलरॉइड कॅमेरा काढते, त्याचा फोटो काढते आणि आमच्या बाजूला, किटलीच्या वर, भिंतीला चिकटवते. गिऱ्हाइकांना तो दिसत नाही, आम्हाला दिसतो. चहा करताना रोज बघायचे ते चेहरे. आणि त्यातला कोणी आला की त्याची चिठ्ठी घ्यायची नाही. बास.

हो अजय, मला माहितीये असा कायदा नाही. मीही विचारलं होतं तिला, की मग समोरच्या दुकानाचं काय? रस्त्याच्या पलीकडेच आहे एक, चकचकीत, मोठ्या कंपनीचं. तिथे कोणाचा फोटो नाही की काही नाही, कोणीही या. मॉरीन म्हणाली, ते सरकारनं करायला पाहिजे, लव्ह (ती सगळ्यांनाच लव्ह म्हणते), एकदा फोटो दिला की सगळ्या दुकानांनी ऐकलंच पाहिजे असं. मी काय, माझं एक दार आहे, ते मी बंद करते. मी म्हटलं, बरोबर आहे. तेव्हा मला ते सगळं फार सोपं वाटत होतं, सीमा. माणूस म्हणतो मला घेऊ नका, आपण घ्यायचं नाही. यात न कळण्यासारखं काय आहे?

आणि मग एका शनिवारी दार उघडून शशिधरकाका आत आले.

आपले काका! ज्यांनी तुझ्या, माझ्या, आख्ख्या मंडळातल्या पोरांच्या दाढा भरल्या ते काका. टाय बिय लावलेला, केसांना पाणी लावून भांग पाडलेला. मी स्टूलवरून खाली सरकायला लागले, म्हटलं आता हे आईला सांगणार. आणि त्यांनी मला बघितलं आणि तेच दारात अर्धे मागे सरकले. म्हणजे मी त्यांना घाबरले आणि ते मला घाबरले. मधे काच.

"वैजू? तू इथे?"

"काका, तुम्ही इथे?"

"मी… मी फोटो काढून घ्यायला आलोय," म्हणाले.

मला खरंच वाटलं पासपोर्टचा. मी म्हटलं, काका, तो पोस्ट ऑफिसमधे काढतात. तर मागून मॉरीन कॅमेरा घेऊन आली. त्यांचं आधीच बोलणं झालेलं होतं. बुधवार-शनिवार सोडून बाकीच्या दिवशी काका तिथे जुने गिऱ्हाईक, मला पत्ताच नाही!

थांब, सांगते का ते. तुम्हाला ग्लासगोचं माहितीये का, सुप्रभाताईच्या ग्रॅज्युएशनचं? मला पण नव्हतं माहिती, ते काकांनीच त्या दिवशी काउंटरला टेकून सांगितलं. पोरगी डॉक्टर झाली, काका-काकू लंडनहून ग्लासगोला गेले, काकू आधी हॉलवर गेली, काका म्हणाले मी फुलं घेऊन येतो. स्टेशनजवळ असंच एक दुकान होतं. एकच रेस बघतो म्हणून आत गेले. आणि फुलं घेऊन हॉलवर पोचले तेव्हा तिथली माणसं खुर्च्या घड्या करून भिंतीला लावत होती. हे सांगताना काका हसत होते. मला कळेना मी पण हसायचं का.

तेव्हापासून ताई त्यांच्याशी कामापुरतंच बोलते. आणि लग्न ठरलं तेव्हा तिनं एकच अट घातली. बाबा, त्या दुकानात पुन्हा एकदाही गेलात तर कन्यादानाला तुम्ही बसायचं नाही. गिरीशमामा आणि मामी बसतील. आणि कन्यादानाला जोडीनं बसतात ना, म्हणजे काकूचं पण गेलं. तिचा काही दोष नसताना! काकू म्हणे नुसती म्हणाली, बघा बाई, तुम्ही बाप-लेक ठरवा, मी पोळ्या करते.

तर म्हणून फोटो. मॉरीननं कॅमेरा धरला, तर काका म्हणतात, "समोरून नको, बाजूनं बरा येतो मी." आणि हसले! आयुष्यभर लोकांना दात दाखवायला सांगणारा माणूस, स्वतःचे सगळे दाखवले. तो फोटो किटलीच्या वर लागला. बाकी सगळे चेहरे पडलेले आणि मधे आपले काका, जाहिरातीतल्यासारखे.

मग मला म्हणाले, "बरं झालं तू इथे आहेस. हे लोक मला आणि त्या केमिस्ट शहांना एकच समजतात. तू ओळखशील. मी आलो की नाही म्हणायचं. मी काहीही बोललो तरी. शपथ घे."

मी म्हटलं, हो काका.

"हो नाही. गळ्याला हात लाव. म्हण, सुप्रभाची शप्पथ."

आता मोठं माणूस सांगतंय. मी लावला हात. म्हटलं, सुप्रभाताईची शप्पथ, तुम्हाला नाही म्हणीन. मॉरीन बघत होती, म्हणाली, घसा दुखतोय का?

आणि सीमा, तू हसू नकोस, पण मी आयुष्यात काकांना नाही म्हटलेलंच नाहीये! कसं म्हणणार? ते "आ कर" म्हणायचे, आपण करायचो. दुखतंय का विचारायचे तेव्हा तोंडात कापूस. ज्या माणसासमोर आपण कायम आ करूनच बसलोय त्याला नाही म्हणायची सवय कुठून येणार?

पहिले काही आठवडे आले नाहीत. मग एक दिवस दारातून नुसतं डोकं आत घालून, "फोटो आहे ना?"

"आहे."

"नीट दिसतो ना?"

"दिसतो काका."

"छान," म्हणाले, आणि गेले. मला वाटलं, किती गोड. मग पुढच्या वेळी आत येऊन टीव्हीसमोर उभे राहिले. मी काचेवर टकटक केलं तर म्हणतात, "बघतोय फक्त. बघणं म्हणजे खेळणं नाही." मी मॉरीनला विचारलं, बघणं चालतं का? ती म्हणाली, मी पैसे घेत नाही एवढाच माझा नियम, डोळे कसे बंद करू त्याचे? पण ताईची अट तर "गेलात तर" अशी होती ना? "खेळलात तर" नव्हती. मग ती मोडली का नाही मोडली? आणि मी हे ताईला सांगायचं का नाही सांगायचं? सांगितलं तर मी तिथे कामाला आहे हे कळणार. माझं मला कळेना मी काकांसाठी गप्प बसतेय की माझ्यासाठी.

मग एकदा तर चक्क चिठ्ठी लिहून काचेखालून सरकवली. मी बघितलं, त्यांचंच अक्षर. मी म्हटलं, काका, नाही. माझा आवाज कसा आला माहितीये? मांजरासारखा. तर ते टाळी वाजवून म्हणाले, "शाब्बास! परीक्षा घेत होतो तुझी. पास!"

आता तो माणूस खरंच परीक्षा घेत होता का? मला आजही सांगता येणार नाही. चिठ्ठी परत घेताना हात घाईत होता, एवढंच दिसलं.

असं करत करत आला परवाचा शनिवार. दुसऱ्या दिवशी लग्न. दुकान गच्च भरलेलं, मोठी रेस होती. आणि काका आत येतात ते दोन्ही काखांत दोन पाट घेऊन! हो, पाट, बसायचे, पितळी फुल्या मारलेले. रेखामावशीकडून आणायला पाठवलं होतं त्यांना, कन्यादानाला बसायचे पाट. दारात अडकले, बाजूनं झाले, आत आले. एक म्हातारा त्यांना विचारतोय, हे काय, मित्रा, घसरगुंडीची गाडी का? बर्फ तर नाही पडलेला. दुकानभर हशा. काका नाही हसले. तेव्हाच मला कसंतरी झालं, कारण काका प्रत्येक विनोदाला हसतात, स्वतःच्या तर दोनदा.

रांग सोडून सरळ माझ्या खिडकीशी. पाट खाली, भिंतीला टेकवून उभे केले. चिठ्ठी काचेखाली.

मी म्हटलं, "नाही काका. पास ना मी?"

"आज परीक्षा नाही. आज घे."

"काका, फोटो आहे तुमचा."

"माझाच आहे ना? मग काढून टाक. मीच लावायला सांगितला, मीच काढायला सांगतोय."

अजय, थांब, बरोबर हेच! हेच मला सांग. तू म्हणशील माणूस सज्ञान आहे, त्याची सूचना त्यानं मागे घेतली. पण त्यानंच आधी सांगितलंय, मी काहीही बोललो तरी ऐकू नकोस! मग मी कोणाचं ऐकू? त्या दिवशी भांग पाडून आलेल्या काकांचं, का आज पाट घेऊन आलेल्या काकांचं? दोघेही काकाच! दोघांनाही मी अहो-जाहो करते!

मी मॉरीनकडे बघितलं. तिनं भिंतीवरून फोटो काढला आणि माझ्यासमोर ठेवला. म्हणाली, नियम मी केलाय खरा, पण अशा वेळी काय करायचं ते मी ठरवलेलंच नाही, लव्ह. आजपर्यंत जो तो चिडून निघून गेलाय, किंवा शिव्या देऊन. हा तर विनंती करतोय. तुझा अंकल आहे, तू सांग. आणि ती पुढच्या माणसाची चिठ्ठी घ्यायला गेली. मागे रांगेतले लोक ओरडतायत, वर टीव्हीत घोडे गेटजवळ आलेत.

आणि काका काचेला तोंड लावून एकदम हळू म्हणाले, "वैजू, शपथ सुटली म्हण."

सीमा, एवढा मोठा माणूस! आपण रविवारच्या मराठी वर्गात लंगडी खेळताना म्हणायचो तसं. सुटली म्हण, सुटली म्हण.

"म्हण ना. मी घातली होती, मीच सोडतोय. सुटली. झालं? आता घे."

नाही सीमा, तू चुकतेयस, घालणारा सोडत नाही. ज्याच्या नावाची असते तो सोडतो. आईची शपथ असेल तर आई. नाही का? मग तुमच्या वर्गात वेगळं असेल. बघ, म्हणजे तुला पण नक्की माहीत नाही! मला त्या क्षणी काहीच माहीत नव्हतं, पण तोंडातून आलं ते हे, की "काका, शपथ सुप्रभाताईची आहे. ती सुटली म्हणाली तर घेते."

आणि मी काउंटरवरचा फोन उचलून काचेच्या फटीतून त्यांच्याकडे सरकवला.

मला वाटलं ते चिडतील, निघून जातील, संपलं. मला तेच पाहिजे होतं! पण काकांनी फोन बघितला, मला बघितलं, आणि नंबर फिरवला. स्वतः.

पलीकडे लग्नघर. बांगड्यावाली आलेली, कुकर, पोरं, ते सगळं मला काचेपलीकडून ऐकू येत होतं. आणि ताईनंच उचलला.

"अगं," काका म्हणाले. खाली पाटांकडे बघितलं. मग म्हणाले, "पाट दोनच आणायचे ना?"

पाट! विचारायला गेले काय आणि विचारलं काय! ताई म्हणाली असेल, हो बाबा, दोनच. आणि नेमकी तेव्हाच रेस सुटली. तुम्हाला माहितीये तो कॉमेंटरीवाला कसा ओरडतो, दुकान दणाणतं. काकांनी फोनवर हात ठेवला. पण ऐकू जायचं ते गेलं.

आता हे माझ्यामुळेच झालं ना? मी फोन दिला नसता तर तिला कळलंच नसतं. मी त्यांना वाचवायला गेले आणि सरळ पकडून दिलं.

काका म्हणाले, "हो. तिथेच आहे." मग म्हणाले, "नाही. घेत नाहीयेत ते माझं." आणि डोळे मिटून नुसते उभे राहिले, कानाला फोन, पायाशी पाट. टीव्हीतला घोडा कुठला जिंकला, त्यांनी मान वर करून बघितलंसुद्धा नाही. किंवा बघितलं असेल, मीच बघितलं नसेल.

मला राहवलं नाही. मी काउंटरचं दार उघडून बाहेर गेले, ते आम्हाला अजिबात चालत नाही, आणि त्यांच्या हातातून फोन घेतला. "सुप्रभाताई, मी वैजू. वैजयंती. मी इथेच कामाला आहे. ते आले, पण आम्ही घेतलं नाही. खरंच नाही घेतलं."

ती म्हणाली, "तू कार्डांच्या दुकानात आहेस ना?"

झालं. माझंही गेलं.

मग ती एवढंच म्हणाली, "पाट घेऊन या म्हणावं." आणि ठेवला.

काका पाट उचलून गेले. वळून माझ्याकडे बघितलं पण नाही. आणि फोटो काउंटरवर तसाच पडलेला, तो मी पर्समध्ये टाकला, का ते विचारू नका.

आता रविवार. शाळेचा हॉल, बास्केटबॉलच्या रिंगला झेंडूच्या माळा, खाली मांडव. आणि सकाळपासून कोणालाच माहीत नाही की कन्यादानाला कोण बसणार! ताई काही बोलेचना. मुंडावळ्या बांधून घेतेय, मेंदी दाखवतेय, पण बाबा का मामा, यावर गप्प. आणि कन्यादानाला बसणाऱ्यांनी उपास करायचा असतो ना? तर मग चौघंही उपाशी! काका-काकू उपाशी, मामा-मामी उपाशी, न जाणो आपल्यालाच बसावं लागलं तर. काका सोवळं नेसून स्टेजच्या एका बाजूला, मामा सोवळं नेसून दुसऱ्या बाजूला. पाहुण्यांना वाटतंय ही काहीतरी कोकणस्थांची नवीन पद्धत आहे. आणि किचनमधून बटाटेवड्यांचा वास. गिरीशमामाची अवस्था तुम्ही बघायला पाहिजे होती. दर थोड्या वेळानं ताईच्या खोलीच्या दाराशी जाऊन, "सुप्रभा, बाळा, तू कोणालाही बसव, माझं काही म्हणणं नाही. फक्त मी खाऊ का नको, एवढं सांग." आणि मामी त्याला सोवळ्याला धरून मागे ओढतेय.

भटजी घड्याळ बघतायत. काकू पोळ्या लाटल्यासारखी साडीच्या निऱ्याच सारख्या करतेय. तिच्याकडे बघवेना मला.

आणि तेवढ्यात ताईनं मला बोलावलं. मुलींची चेंजिंग रूम, नेटबॉलची पोस्टर्स, आणि मधे ती पिवळी साडी नेसून बाकावर. मला वाटलं आता रागावणार. ती म्हणाली, "दार लाव. मला विचारायचंय ते खरं सांग."

मी गळ्याला हात लावला. ती म्हणाली, "ते नको. नुसतं सांग. काल फोन तू लावलास का त्यांनी?"

"फोन मी दिला. नंबर त्यांनी फिरवला."

"त्याआधी आले होते?"

मी सांगितलं. डोकं घालून विचारायचे, टीव्ही, चिठ्ठी, परीक्षा, सगळं. मला वाटत होतं एकेका वाक्याला मी मामाला पाटावर ढकलतेय. पण खोटं कसं बोलणार? ती ऐकत होती, हिरव्या बांगड्या एकावर एक सरकवत. मग म्हणाली, "तुमच्या समोर दुसरं दुकान आहे ना गं? मी बघितलंय, बसमधून दिसतं."

"आहे."

"तिथे बाबांना कोणी ओळखतं?"

"नाही. म्हणजे तिथे कोणीच कोणाला ओळखत नाही."

"तिथे घेतली असती त्यांची चिठ्ठी?"

"लगेच."

"मग ते तुझ्याकडे का येत होते?"

मी म्हटलं, "माहीत नाही, ताई." आणि खरंच माहीत नव्हतं. तोपर्यंत माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! रस्ता ओलांडायचा, दिवा हिरवा व्हायची वाट बघायची, बास. एवढं काचेला तोंड लावून सुटली म्हण, सुटली म्हण कशाला? अजय, तुला कळतंय का? कदाचित सवयीनं येत असतील. कदाचित मॉरीनचा चहा. कदाचित मला पटवता येईल असं वाटलं असेल, मी लहान म्हणून. मी हे सगळं ताईला म्हटलं पण. ती म्हणाली, "हो, तसंही असेल."

मग ती उठली. आणि बाहेर मांडवाकडे न जाता सरळ किचनमधे गेली. नवरी, मुंडावळ्या लोंबतायत, आणि ती वड्यांच्या रांगेत! मोठी प्लेट घेतली, चार वडे, चटणी, वर एक जिलबी. सगळा हॉल बघतोय. ती प्लेट घेऊन चालत चालत स्टेजच्या उजव्या बाजूला गेली आणि गिरीशमामाच्या हातात दिली.

"मामा, खाऊन घे."

बास. एवढंच बोलली. हॉलमधे अर्ध्या लोकांना काही कळलंच नाही. पण काकूनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आणि मामानं पहिला वडा अख्खाच तोंडात घातला आणि रडायला लागला. भूक का आनंद ते देव जाणे, मामीनं पाठीवर थापट्या मारल्या.

मग काका-काकू त्या पाटांवर बसले. त्याच दोन पाटांवर, दुकानात घसरगुंडीची गाडी म्हणून उभे होते त्या. मी बरोबर समोर होते अक्षता घेऊन. हातांवरून पाणी सोडताना काका खाली बघत होते. ताई त्यांच्याकडे बघत होती, अशी, प्रेमानं बिमानं नाही, तपासून बघितल्यासारखी. डॉक्टर बघतात तशी. मला वाटलं होतं सगळं माफ झालं की वेगळं काहीतरी दिसेल. तसं नाही दिसलं. पण तिनं हात काढून नाही घेतला.

हो गं, आईला कळलं. ते वेगळं प्रकरण आहे, ते नंतर. सध्या ती माझ्याशी कामापुरतंच बोलते.

आता हे बघा. हा फोटो. बघ, कसे हसतायत. सीमा, तो कॅलामाइन लोशनचा हात लावू नकोस त्याला.

जेवणं झाली, सगळे आहेर-बिहेर चाललेले, आणि काका जिलबीचं ताट घेऊन माझ्याकडे आले. मी म्हटलं आता काहीतरी बोलणार. सॉरी म्हणतील, का रागावतील, का फोटो मागतील. तर म्हणाले, "आ कर."

मी केला! सवय! अख्खी जिलबी कोंबली माझ्या तोंडात, आग्रहाची. आणि मला बोलता येत नाहीये तेवढ्यात कानाशी वाकून म्हणतात, "फोटो बुधवारी परत लाव. आणि मी काढ म्हटलं तर ऐकू नकोस माझं."

मग मला वाटतं त्यांचाच गोंधळ झाला. म्हणाले, "आत्ता लाव म्हणतोय, ते मात्र ऐक."

आता बुधवार उद्या आहे. फोटो मी लावणार, लावणारच. पण मॉरीननं विचारलं की कोणी सांगितलं लावायला, तर मी काय सांगू? त्यांनीच? ज्यांचं ऐकायचं नाही त्यांनी? आणि परत आले तर? अजय, तू लॉ शिकतोयस ना, मग सांग की!

तेव्हा तर माझ्या तोंडात जिलबी, पाक हनुवटीवर. काका माझ्याकडे बघत उभे, उत्तर पाहिजे होतं त्यांना. शेवटी मी मान हलवली. आणि ती हो अशी हलवली का नाही अशी, ते माझं मलाच कळलं नाही. पण काका म्हणाले, "शाब्बास," आणि पुढच्या पंगतीला जिलबी वाढायला गेले.